आंब्याखालची रानफुलं: इंदूरच्या सावलीत बियांपासून सुरुवात

आमच्या घरामागे आंब्याचं जुनं झाड आहे. त्याच्याखाली काहीच टिकत नसे. गुलाब काठीसारखा उंच होऊन वाळला, झेंडूला पानं भरपूर आणि फूल एक नाही. घरात ठरलं, की तिथे फरशी घालून टाकायची. त्याच वर्षी श्रावणात आम्ही सिमरोलवरून चोरलकडे जात होतो. घाटात सागाच्या झाडांखाली पेव फुललेला दिसला. लाल कणसातून बाहेर आलेली पांढरी, चुरगळलेल्या मलमलीसारखी फुलं, आणि त्यांच्यावर हलणारे उन्हाचे कवडसे. तिथे ना कोणी पाणी घालत होतं, ना खत. मी गाडीतून उतरून पायाखाली पाहिलं, तर बोटभर खोल कुजलेला पाचोळा होता, ओला आणि भुसभुशीत. आमच्या आंब्याखाली मात्र रोज खराटा फिरत होता.

फरशीचा बेत तिथेच रद्द झाला. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात मी सावलीतल्या रानफुलांचं बी पेरते. जे जमलं आणि जे फसलं, त्यावरून हे लिहिते आहे. बागकामावरचं बरंचसं मराठी लेखन पुण्याचं किंवा कोकणचं असतं. त्यातलं वेळापत्रक माळव्यात जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे पाऊस उशिरा येतो, मे महिन्यातली हवा हाडापर्यंत कोरडी असते, जमीन काळी आणि चिकट असते, आणि जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात. म्हणून हा लेख इंदूरच्या अंगणाचा, इथल्या गॅलरीचा आणि इथल्या गच्चीवरच्या टाकीमागच्या कोपऱ्याचा आहे.

पहिलं काम: सावली ओळखा

बी आणण्याआधी एक सुटीचा दिवस सावली बघण्यात घालवा. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता जागेवर जाऊन बघा आणि ऊन कुठे पडतं ते खडूने आखून ठेवा. झाडाखाली कवडसे हलत असतील, तर ती सगळ्यात उत्तम जागा. रानातली बहुतेक फुलं अशाच उजेडात वाढतात. सकाळचं दोन तास ऊन आणि मग दिवसभर सावली असेल, तर तीही चांगली. दोन इमारतींमधली बोळ, जिथे दिवसभर वाचायलाही दिवा लागतो, तिथे मात्र काही पेरू नका. तिथे पानं येतील, फुलं येणार नाहीत.

उत्तरेकडच्या भिंतीबद्दल इथे एक फसगत होते. उत्तरेला कायम सावली, असं आपण धरून चालतो. पण कर्कवृत्त इंदूरच्या उत्तरेला, उज्जैनच्या थोडं पुढून जातं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास भरदुपारी सूर्य इंदूरच्या बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या दिवसांत तर किंचित उत्तरेकडेच असतो. शिवाय एप्रिलपासून तो ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. म्हणजे डिसेंबरात जी भिंत पूर्ण सावलीत असते, तिच्यावर मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. माझा किराईत या रानफुलाचा पहिला वाफा याच उन्हात करपला, कारण मी जागा हिवाळ्यात ठरवली होती. जागा शक्यतो मेमध्ये बघा. तसं जमणार नसेल, तर एप्रिल ते जून हिरवी जाळी बांधायची तयारी ठेवा. बाजारात ५० टक्के सावलीची जाळी मिळते, ती पुरते.

दुसरं काम: पाचोळा गाडीत देऊ नका

या सगळ्या लेखातलं तुम्ही एकच करणार असाल, तर हे करा.

आपलं शहर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं पहिलं आलं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. रोज सकाळी गाडी येते, ओला-सुका वेगळा करून आपण देतो. पण त्या सवयीत अंगणातला पाचोळाही आपण कचरा म्हणून देऊन टाकतो. रानफुलांच्या बीला जे हवं असतं ते नेमकं हेच. पाचोळा जमीन तापू देत नाही, ओल धरून ठेवतो, आणि कुजताना माती हलकी करतो. काळ्या मातीत बारीक बी पेरलं तर पावसाने वर थर बसतो, उघडीप पडली की तो थर टणक होतो, आणि कोंब खालीच अडकतो. पाचोळ्याच्या खतात तसं होत नाही.

माळव्यात पानगळ माघ-फाल्गुनात होते. तेव्हा शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. कडुलिंब, शिरीष, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा आणि साग यांची पानं चिवट असतात, ती आधी पायाखाली चुरडून घ्या. खताच्या रिकाम्या गोणीला सुऱ्याने दहा-बारा भोकं पाडा, पानं दाबून भरा, एक बादली पाणी ओता, तोंड बांधा आणि गोणी भिंतीशी सावलीत ठेवून द्या. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाणी द्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतून काळपट, चुरा होणारं आणि पहिल्या पावसाचा वास येणारं खत निघतं. एका गोणीचं पाव गोणी उरतं, म्हणून चार-पाच गोण्या भरा.

इथे एक गोष्ट वेगळी समजून घ्या. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर ओळखली जाते. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच वनस्पती संशोधन संस्थेत ती बसवली. पालापाचोळा आणि काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वेळोवेळी उलटून तीन महिन्यांच्या आसपास खत तयार करायची ही पद्धत. गांधीजी १९३५ मध्ये इंदूरला आले, तेव्हा मुद्दाम ती बघायला गेले होते. हे खत भाजीला आणि गुलाबाला सोनं आहे. पण रानफुलांचं बी पेरायला ते जरा जास्त जोरदार पडतं. त्यात रोपं लवकर लांबतात आणि बुरशीही लवकर धरते. पेरणीसाठी नुसत्या पानांचं खत घ्या. इंदूर पद्धतीचं कंपोस्ट रोपं जमिनीत लावल्यावर वर्षातून एकदा मूठमूठ द्या.

पेरणीचं मिश्रण असं: दोन वाटे पानांचं खत, एक वाटा जाड वाळू, एक वाटा बागेतली भुसभुशीत माती. वाळू बांधकामाची चालेल, पण दोनदा धुऊन घ्या आणि गाळलेली बारीक रेती टाळा. हे मिश्रण मेमध्ये ओलं करून फरशीवर चार बोटं जाडीचं पसरा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घाला आणि कडा विटांनी दाबून तीन-चार आठवडे कडक उन्हात राहू द्या. इंदूरच्या मे महिन्याचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. तणाचं बी आणि बुरशी दोन्ही मोठ्या प्रमाणात मरतात.

तिसरं काम: कोणती फुलं निवडायची

पहिल्या वर्षी तीन किंवा चारच घ्या. मी पहिल्या वर्षी चौदा जाती पेरल्या होत्या आणि ऑगस्टपर्यंत कोणतं रोप कुठलं ते मला सांगता येत नव्हतं.

सुरुवात तेरड्यापासून करा. हिंदीभाषक शेजारी त्याला गुलमेहंदी म्हणतात. नर्सरीतला दुहेरी पाकळ्यांचा नव्हे, साधा एकेरी गुलाबी तेरडा घ्या. जून संपता संपता पेरला की आठवडा-दहा दिवसांत उगवतो आणि साधारण दोन महिन्यांत फुलतो. माझ्या सासरी गौरी तेरड्याच्या असतात. कोकणातून आलेली ही पद्धत घराण्याने इंदूरला येऊनही सोडली नाही. ऐनवेळी बाजारात रोपं शोधत फिरण्यापेक्षा मी आता कालनिर्णयात गौरी आवाहनाचा दिवस बघते आणि तिथून सत्तर दिवस मागे मोजून बी टाकते. ती तारीख पाऊस यायच्या आधीच निघाली, तर पावसाची वाट न बघता परातीतल्या पाण्यावर कुंडीत उगवून घेते. आई म्हणायची, तेरड्याचा रंग तीन दिवस. एका फुलाचं ते खरं आहे, पण रोज नवी फुलं येत राहिल्याने झाड महिनाभर रंगलेलं असतं.

दुसरी कोरांटी, पिवळी, काटेरी. इथे जडीबुटीवाले तिला वज्रदंती म्हणतात. अर्ध्या सावलीत ती छान येते आणि पाऊस संपल्यावर, बाकी सगळं सुकायला लागतं तेव्हा फुलते. तिच्या बोंडात दोन चपट्या बिया असतात. बीवर दाबून बसलेली लव असते, ती पाणी लागताच फुगून चिकट होते आणि बी मातीला धरून ठेवते. एकदा बशीत दोन थेंब पाण्यात बी टाकून भिंगातून बघा. मुलांना दाखवण्यासारखं आहे.

तिसरी किराईत, म्हणजे कालमेघ. फुलं इवलीशी, पांढरी, ओठावर जांभळे ठिपके. लांबून दिसत नाहीत, जवळ बसावं लागतं. आंब्याच्या दाट सावलीत माझ्याकडे सगळ्यात भरवशाचं हेच ठरलं. एक लक्षात ठेवा, हिवाळ्यात काढलेलं ताजं बी लगेच पेरलं तर उगवत नाही. त्याला पाच-सहा महिने कोरडं निजू द्यावं लागतं. जानेवारीत काढलेलं बी मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये पेरलं की बरोबर जागं होतं.

चौथा केना. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला हे नाव सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल, कारण माळव्यातल्या सोयाबीनमधलं ते हट्टी तण आहे. पण सावलीत, पाचोळ्यातून वर आलेलं ते आभाळी निळं फूल मला फार आवडतं. शिवाय या झाडाची एक करामत आहे. वर निळी फुलं येतातच, पण जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुलं येतात आणि मातीतल्या मातीत बी तयार होतं. मातीतलं बी मोठं असतं आणि चटकन उगवतं. वरचं बी कठीण कवचाचं असतं, ते काचकागदावर दोन-चारदा घासून मग पेरा. केना कुंडीतच ठेवा. गावाकडे शेत असेल तर तिथे याचं बी नेऊ नका.

ही चार जमली की दुसऱ्या वर्षी चित्रक आणि पेव. चित्रकाला पांढरी नाजूक फुलं येतात आणि फुलाखालचं हिरवं आवरण चिकट केसांचं असतं. बी त्या चिकट आवरणासकट कपड्याला लागून येतं. मूळ मात्र उघड्या हाताने हाताळू नका, कातडीवर फोड येतात. पेवबद्दल पुढे वेगळं सांगते.

पांढरी मुसळी आणि कळलावी ही धीर धरणाऱ्यांची फुलं. मुसळी पहिल्या पावसानंतर चांदण्यांसारखी फुलते. तिचं काळं बी फार कमी उगवतं, म्हणूनच शेतकरी ती मुळ्यांपासून लावतात. शंभर बिया पेराल तेव्हा थोडीफार रोपं हाती लागतील. कळलावीचं बी उगवायला कित्येक महिने लावतं आणि फूल यायला तीन-चार वर्षं. तिची ज्वाळेसारखी फुलं बघून मोह होतो, पण मूळ, पान, बी सगळंच जहाल विषारी असतं. घरात लहान मूल, गाय किंवा कुत्रा असेल तर कळलावी लावू नका. मी लावलेली नाही.

जमिनीवरची रानऑर्किडं, पांढऱ्या तुऱ्याची, पावसाळ्यात दिसतात ती, बियांपासून घरी होत नाहीत. त्यांचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. मातीतली विशिष्ट बुरशी त्याला पोसते तेव्हाच ते उगवतं. ती रानातच बघा, आणि कंदही उपटून आणू नका. घरी आणलेला कंद एक-दोन वर्षांत मरतो आणि रानातली जागाही रिकामी होते.

परदेशातली वनफुलं लावावीत का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं आहे. एकीची मुलगी कॅनडात असते, तिने तिथल्या ट्रिलियमचं बी पाठवायची तयारी दाखवली होती. तीन पांढऱ्या पाकळ्यांचं हे फूल तिथल्या ओंटारिओ प्रांताचं अधिकृत फूल आहे. त्याचं बी पहिल्या हिवाळ्यानंतर मातीत फक्त मूळ सोडतं, दुसऱ्या हिवाळ्यानंतर पान वर येतं, आणि फुलायला साधारण सात वर्षं लागतात. हिवाळा म्हणजे बर्फाखालचे कित्येक आठवडे. आपला जानेवारी रात्री आठ-दहा अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा पंचवीस. फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवून थंडी देता येते, पण पुढे मे महिना कोण सांभाळणार? शिवाय परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसताना परदेशातून बी मागवणं आपल्या कायद्यात बसत नाही. मी तिला नको म्हणून सांगितलं.

चौथं काम: बी गोळा करणं

राळामंडल आपल्याला जवळ आहे, सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ. पण ते अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून बी, फूल, कंद काहीही उचलता येत नाही. चोरल-पातालपाणीच्या बाजूचं राखीव जंगलही परवानगीशिवाय आपलं नाही. बी घ्यायचं ते शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून, ओळखीच्यांच्या अंगणातून किंवा औषधी वनस्पती विकणाऱ्यांकडून. किराईत, चित्रक, मुसळी यांचं बी नीमचच्या मंडीशी व्यवहार असलेल्या जडीबुटीवाल्यांकडे मागवता येतं. पण ते पेरणीसाठीच हवं आहे हे स्पष्ट सांगा, नाहीतर औषधासाठी ठेवलेला जुना माल हातात पडतो. आणि बांधावर भेटलेल्या झाडाचं सगळं बी कधी ओरबाडू नका. दहातली दोन बोंडं घ्या.

तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं आणि बी दूर उडतं. म्हणून ते हिरवट-पिवळं, टम्म झालं की त्यावर जुन्या ओढणीच्या तुकड्याची छोटी पिशवी सैल बांधून ठेवा. कोरांटीचं बोंडही तडकतं, तिलाही हेच. किराईताच्या शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी दव असताना काढा, दुपारी त्या हातातच फुटतात. बी दोन दिवस सावलीत वाळवा, उन्हात नको. मग वर्तमानपत्राच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर नाव आणि महिना लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि बुरशी येते. पुड्या एका डब्यात, डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर. मी डब्यात वाटीभर कोरडे, भाजलेले तांदूळ ठेवते, ते ओल ओढून घेतात.

पेवचं बी याला अपवाद आहे. त्याची लाल फळं पाऊस संपल्यावर पिकतात. आत काळ्या बिया आणि त्यांना पांढरा मऊ गर चिकटलेला असतो. हा गर ठेवला तर कुजतो आणि मुंग्या बी पळवतात. बोटांनी चोळून, चाळणीवर धुऊन गर काढा आणि बी वाळू न देता लगेच पेरा.

पाचवं काम: पेरणी

पाऊस इंदूरला साधारण जूनच्या मध्यानंतर स्थिरावतो. पहिल्या वळवाला भुलू नका, त्यानंतर आठ-दहा दिवस कडक उघडीप पडू शकते. मी बहुतेक सगळं बी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरते. किराईत मात्र मेच्या शेवटी जाळीखाली.

थेट आंब्याखाली पेरू नका. वरच्या पानांवरून पडणारे टपोरे थेंब बारीक बी वाहून नेतात, आणि आंब्याची उथळ मुळं रोपाच्या आधी ओल पितात. आधी पसरट कुंडी किंवा फळांचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या. क्रेटला तळाशी गोणपाट, त्यावर चार ते पाच इंच मिश्रण. ते हाताने हलकेच दाबून सपाट करा. मग क्रेट परातीत किंवा घमेल्यात पाण्यावर ठेवा, पाणी खालून वर चढू द्या. वरची माती काळी दिसली की उचला. बारीक बियांना वरून झारीने पाणी घालायचंच नाही, सगळी पाणीपुरवणी अशी खालून.

किती खोल पेरायचं? बी जेवढं जाड, तेवढाच वर मातीचा थर. कोरांटी, चित्रक, पेव यांना हे लागू. किराईताचं बी बारीक असतं, ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून मिठासारखं भुरभुरवा आणि वर काही घालू नका, नुसतं तळहाताने दाबा. तेरड्यावर नावापुरती वाळू. किराईत सोडून बाकी सगळ्यांवर शेवटी चाळणीने पानांच्या खताची अगदी पातळ साय धरा, मातीवर थर बसत नाही.

पाणी पावसाचं असेल तर उत्तम. पागोळ्याखाली पिंप ठेवा. नाहीतर जलूदहून येणारं नर्मदेचं नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. बोअरिंगच्या जड पाण्याने मातीवर पांढरे डाग चढतात, ते या रोपांना मानवत नाही.

नावं लिहायला आइस्क्रीमच्या काड्या आणि शिसपेन्सिल. पेनची शाई पहिल्या पावसात जाते. पेन्सिल दोन वर्षं टिकते, आणि तुम्हाला दोन वर्षं लागणार आहेत.

क्रेटवर बारीक जाळीचं झाकण घाला, खारी उकरून बी खातात. मुंग्या येत असतील तर क्रेट विटांवर, विटा पाण्याच्या थाळीत.

सहावं काम: उगवल्यानंतरचे तीन आठवडे

सर्वात जास्त रोपं याच दिवसांत जातात. संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपं सकाळी मातीशी आडवी, देठ बुडाशी पाण्यासारखा मऊ. नर्सरीवाले याला रोपं कोलमडणं म्हणतात. कारण बुरशी, आणि बुरशीला आमंत्रण आपलंच: दाट पेरणी, कोंडलेली हवा, संध्याकाळचं पाणी. आडव्या झालेल्या रोपांसकट आजूबाजूची दोन बोटं माती चमच्याने उचलून टाका, उरलेल्या भागावर कोरडी वाळू पसरा आणि दोन दिवस पाणी तोडा. मेलेली रोपं औषधाने उठत नाहीत. पुढच्या वेळी विरळ पेरा आणि पाणी सकाळीच द्या.

दुसरा शत्रू गोगलगाय. पावसाळ्यात रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा आणि वेचून काढा. राखेचं कडं करतात, पण एका सरीत ते वाहून जातं. मी काकडीची सालं क्रेटपासून दोन फुटांवर ठेवते, सकाळी सगळ्या गोगलगायी तिथे सापडतात.

पहिली दोन पानं बियातली असतात. त्यानंतरची खरी चार पानं आली की रोप उचलायचं. ढगाळ दिवस निवडा, श्रावणात असे दिवस पुष्कळ मिळतात. रोप पानाला धरा, देठाला कधीही नाही. पान तुटलं तर नवं येतं, देठ चेंगरला तर रोप गेलं. आंब्याखाली खोडापासून निदान चार-पाच फूट सोडून, दोन मुळांच्या मधल्या जागेत, वीतभर खड्डा करून त्यात पानांचं खत भरा आणि रोप लावा. खोडाशी मातीचा ढीग करू नका, आंब्याची साल कुजते. रोप लावल्यावर भोवती दोन बोटं पाचोळा पसरा, देठाला टेकू न देता. आणि खराटा तिथे बंद. हे घरात काम करणाऱ्या मावशींना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे मी त्या जागेभोवती विटांची कड लावली, तेव्हा कुठे झाडणं थांबलं.

सातवं काम: रिकामी दिसणारी कुंडी

पेवचं बी मी ज्या ऑक्टोबरात पेरलं, त्याला नाताळपर्यंत काही आलं नाही. पुढच्या जुलैत तीन पातळ कोंब आले, वळत वळत वर जाणारे, कारण पेवची पानं खोडाभोवती जिन्यासारखी चढतात. दिवाळीनंतर ती पिवळी पडली आणि माघात कुंडीत नुसती माती राहिली. फाल्गुनात मी ती कुंडी आंब्याखाली उपडी केली आणि त्यात पुदिना लावला. दोन दिवसांनी त्या मातीच्या ढिगात हात घातला, तर करंगळीएवढे तीन गड्डे हाताला लागले, पांढरे, जिवंत, एकाला डोळा फुटत असलेला. दोन वाचवले. त्यांना तिसऱ्या वर्षी पहिलं कणीस आलं.

आपल्याकडची पुष्कळ रानफुलं अशी आहेत. पेव, मुसळी, कळलावी, सगळी पाऊस संपला की वरून मरतात आणि आठ महिने मातीखाली निजतात. त्या काळात कुंडी सावलीत, भिंतीशी, आडवी करून ठेवा. पाणी जवळजवळ नाही, महिन्यातून एकदा वाटीभर, माती अगदी धूळ होऊ नये एवढंच. रोज पाणी घातलं तर गड्डा सडतो. वरून पाचोळ्याचा जाड थर द्या, म्हणजे मे महिन्यात आत भट्टी होणार नाही. आणि उगवलं नाही म्हणून कोणतंही बी दोन पावसाळे होईपर्यंत फेकू नका. माझ्याकडचा एक चित्रक तेरा महिन्यांनी उगवला.

किराईत आणि तेरडा मात्र एका वर्षाचेच. ते वाळले की उपटू नका, जागेवर राहू द्या. बोंडं फुटतील, बी पाचोळ्यात पडेल आणि पुढच्या आषाढात तुम्ही न पेरता उगवेल. तेव्हा तण समजून खुरपलं जाऊ नये, म्हणून या वर्षीच त्या रोपांच्या पहिल्या दोन पानांचे फोटो काढून ठेवा. तेरड्याची ती पानं गोलसर आणि जाड असतात, किराईताची खूप बारीक.

आत्ता तुम्ही हे हिवाळ्यात वाचत असाल, तर पेरायची घाई नाही. चार गोण्या आणून ठेवा, पानगळ सुरू व्हायच्या आत.